थांबायला कोण शिकवील?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमरावती माझे माहेर आणि अकोला सासर. या दोन गावांमधला शंभरेक किलोमीटरचा रस्ता मी चाळीस वर्षे तुडवीत आले आहे. कधी एसटीने, कधी रेल्वेने, आणि अलीकडे स्वतः गाडी चालवून.

मी विषय कळवला तेव्हा चिटणीसबाईंनी फोनवर हळूच विचारले, "वाहनचालकांचे शिक्षण? आपल्या बायकांना त्याचे काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे बालसंगोपनावर बोलतात, आहारावर बोलतात, फार तर बचतगटावर बोलतात. परंतु घरातल्या दुचाकीची किल्ली ज्या खिळ्याला टांगलेली असते, तो खिळा बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दाराशीच असतो. ती किल्ली मुलाच्या हातात कोण देते? आपणच देतो. म्हणून हा विषय आपला आहे.

मी एसटीच्या चालकाची मुलगी. माझ्या वडिलांनी अमरावती आगारात तीस वर्षे गाडी चालवली आणि एकही अपघात न करता ते निवृत्त झाले. पहाटेच्या फेरीला निघताना ते आधी गाडीभोवती एक फेरी मारीत. चाकांना हात लावून पाहत, दिवे पाहत, काचा पुसत. आई थट्टेने म्हणे, "देवाला एवढ्या प्रदक्षिणा घातल्या असत्या तर पुण्य तरी लागले असते." ते हसत आणि म्हणत, "पन्नास मानसं बसते माह्या मांगं. थेच पुण्य." ब्रेकविषयी त्यांचे एक वाक्य होते, "ब्रेक पायात नाई राहत पोरी, डोयात राहते." त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा की, डोळ्यांनी संकट आधी ओळखले तरच पाय वेळेवर ब्रेकवर जातो.

अशा बापाची मी मुलगी, आणि तरीही पुढे जे घडले ते माझ्याच हातून घडले. ते सांगितल्यावाचून आजचे बोलणे खरे होणार नाही.

२०१६ सालचा डिसेंबर महिना. माझा धाकटा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. शिकवणी सकाळी सहाला, थंडी कडाक्याची, सायकलने जायला पाऊण तास लागे. आजूबाजूची सगळी मुले स्कूटीवर जात. महिनाभर त्याने हट्ट धरला आणि एके दिवशी मीच किल्ली दिली. "हळू चालव," एवढे सांगितले आणि आपले कर्तव्य झाले असे समजून मी चहा ठेवला. अर्ध्या तासात फोन आला. वळणावर डोक्यावर सांबाराची आणि मेथीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या एका बाईला त्याने धडक दिली होती. त्याला खरचटलेदेखील नाही. तिचा मात्र पाय मांडीत मोडला.

औषधपाण्याचा खर्च आम्ही केला. तिने तक्रार केली नाही, आणि आम्हीही आपणहून पोलिसांना कळवले नाही. मुलाचे वर्ष वाया जाईल, असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. त्याची मला आज लाज वाटते. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती रागावली नाही. खाटेवर पडल्या पडल्या एवढेच म्हणाली, "गाडी चालवाले तं शिकोलं बाई पोराले, थांबाले कोन शिकवन?"

ती बाई पुन्हा डोक्यावर पाटी घेऊ शकली नाही. आता ती घराच्या ओट्यावर बसून भाजी विकते. तिचा तो प्रश्न गेली कित्येक वर्षे माझ्या मानेवर बसलेला आहे, आणि आज मी तो आपल्यापुढे ठेवते.

आता आपल्या या रस्त्याकडेच पाहा. अमरावती-अकोला रस्त्याची कित्येक वर्षे काय दशा होती, हे आपण सगळ्यांनी कंबर धरून अनुभवले आहे. पुढे जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर एक विक्रम झाला. लोणीपासून मान्यापर्यंत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी काँक्रीटची एक मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातली गेली. तीन तारखेच्या सकाळी काम सुरू झाले आणि सातच्या सायंकाळी संपले. सातशेहून अधिक माणसे पाळ्या लावून रात्रंदिवस राबली. याआधीचा विक्रम कतार देशातला, सुमारे २५ किलोमीटरचा होता. गिनेसच्या पुस्तकात आपल्या वऱ्हाडाचे नाव गेले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

परंतु मैत्रिणींनो, रस्ता पाच दिवसांत सुधारला, तसा चालक पाच दिवसांत सुधारतो का? खड्डे होते तेव्हा प्रत्येक जण नाइलाजाने तीसच्या वेगाने जाई. रस्ता गुळगुळीत झाला आणि तीच माणसे, त्याच सवयींनिशी, शंभरच्या वेगाने जाऊ लागली. आपल्याच अमरावती जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग पाहा. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवाशांचा जीव गेला. रस्ता नवा बांधता येतो. त्यावरून जाणारा माणूस मात्र जुनाच असतो. त्याला झोप येते, राग येतो, घाई होते, मोबाइल वाजला की हात खिशाकडे जातो.

देशाचा आकडा सांगते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दर तासाला एकोणीस. त्यांतली शेकडा चव्वेचाळीसहून अधिक माणसे दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांतली १४,३३७ माणसे मागे बसलेली होती. मागे कोण बसते? बहुधा आपणच बसतो. एका हातात मूल, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पदर कुठे आहे याचे भान नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून आपल्या मुली चार घड्यांचा स्कार्फ डोक्याला आणि तोंडाला बांधतात. उन्हाची एवढी काळजी घेणाऱ्या आपण डांबराच्या माराची काळजी का घेत नाही?

आता शिक्षणाकडे वळते. कायद्याने वाहनचालकाचे शिक्षण किती असावे? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटले आहे की, प्रशिक्षण शाळेने खासगी गाडीचा अभ्यासक्रम किमान २१ दिवस चालवावा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे १० तासांपेक्षा कमी नसावे. माल व प्रवासी वाहनांसाठी हेच प्रमाण ३० दिवस आणि १५ तास आहे. आपण पुरणपोळी शिकायला किती सणवार घेतले, ते आठवा. दहा तासांत पोळी गोल होत नाही, आणि दहा तासांत आपण माणसाच्या हाती यंत्र देतो. तेही दहा तास पुरे भरले तर!

त्या अपघातानंतर दोन वर्षांनी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, मी स्वतः गाडी शिकायला गेले. घरचे हसले. पण ज्या गोष्टीची किल्ली मी दुसऱ्याला दिली, ती गोष्ट काय आहे हे मला समजून घ्यायचे होते. शिकवणारे सद्गृहस्थ सालस होते. क्लच, गिअर, ब्रेक त्यांनी नीट शिकवले. परवान्याच्या परीक्षेत दुचाकीला आठाचा आकडा आणि चारचाकीला इंग्रजी एच अक्षर काढावे लागते, त्याचाही भरपूर सराव झाला. मी उत्तीर्ण झाले. पण रस्त्यात चेंडू घरंगळत आला तर त्यामागे मूल येणार, हे मला कोणी शिकवले नाही. उभ्या एसटीच्या पुढून माणूस अचानक बाहेर येतो, कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, पालखीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेने शेकडो पायी माणसे चाललेली असतात, याविषयी एक अक्षर नव्हते.

ते शिक्षण मला वडिलांनी दिले. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. माझ्या शेजारी बसत आणि म्हणत, "काय दिसते थे बोलून दाखव." मी बोलत जाई, "समोर बैलगाडी आहे. डावीकडे शाळा आहे. तो सायकलवाला मागे न पाहता वळेल." ते नुसते हुंकार देत, आणि माझ्या नजरेतून काही निसटले की म्हणत, "अन् थे कुत्रं?" बोरगाव मंजूपासून मूर्तिजापूरपर्यंतचा रस्ता मी असा मोठ्याने वाचून शिकले. पुढे मला कळले की, रस्ता बोलून दाखवण्याची ही रीत इंग्लंडात पोलिसांच्या चालकांनाही शिकवीत आले आहेत. वडिलांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांना ती अनुभवाने सापडली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शिक्षण दिले की अपघात आपोआप कमी होतात, असे मीही समजत होते. वाचू लागले तेव्हा लक्षात आले की, गोष्ट इतकी सोपी नाही. इंग्लंडात १९३४ साली रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा १९३५ च्या जूनपासून तेथे परवान्यासाठी परीक्षा सक्तीची झाली. ते योग्यच झाले. परंतु अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डीकाल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे सोळा हजार शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. काहींना सत्तरएक तासांचे उत्तम शिक्षण दिले, काहींना थोडे आणि काहींना शाळेतून मुळीच नाही. उत्तम शिकलेल्यांना सुरुवातीचे काही महिने थोडा फायदा दिसला, पुढे तो टिकला नाही. नॉर्वेत तर घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण दिल्यावर तरुण मुलांचे अपघात वाढले. का वाढले? आपल्याला आता सगळे जमते, असे त्यांना वाटू लागले.

म्हणजे शिक्षण व्यर्थ आहे का? मुळीच नाही. हाताचे शिक्षण निराळे आणि मनाचे निराळे, एवढाच याचा अर्थ आहे. हात शिकला आणि मन शिकले नाही तर वेग वाढतो. मनाचे शिक्षण हळूहळू, सोबत बसून, थोडे थोडे स्वातंत्र्य देऊनच होते. न्यूझीलंडने १९८७ साली हाच विचार कायद्यात आणला. नव्या चालकाने आधी जाणत्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवायची. मग काही काळ एकट्याने, पण रात्री उशिरा नाही आणि मित्रांना बसवून नाही. त्यानंतरच पूर्ण मुभा. तेथे तरुणांचे अपघात त्याने घटले, आणि पुढे इतर अनेक देशांनी ही पायरीपायरीची पद्धत उचलली. आपण मुलीला स्वयंपाक शिकवताना पहिल्या दिवशी उकळत्या तेलाची कढई हाती देतो का? आधी निवडणे, मग चिरणे, मग फोडणी. हे शहाणपण आपल्याकडे आहेच. ते फक्त खिळ्यावरच्या किल्लीपर्यंत नेले पाहिजे.

वेगाचे एक गणित सांगते. साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. या सभागृहाची मागची भिंत ते हे व्यासपीठ, साधारण एवढे अंतर. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर जाऊन पडला, एवढ्यात ते एक सेकंद सरते. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच सभागृह ओलांडून झालेले असते. शिवाय वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला अंतर दुप्पट नव्हे, चौपट लागते. माझ्या मुलाला हे कोणी सांगितले असते तर! आणि सांगणारी मीच असायला हवी होते, कारण मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे.

कायद्याचे दोन शब्द. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून गिअरची किंवा आपल्या नेहमीच्या वापरातली दुचाकी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने परवाना मिळतो तो पन्नास सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि तशा गाड्या आता दुकानात जवळजवळ दिसतच नाहीत. "बॅटरीची आहे, लायसन लागत नाही," असे काही भगिनी म्हणतात. ते फक्त ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटपर्यंतच्या गाडीला लागू आहे, सगळ्या बॅटरीच्या गाड्यांना नाही. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने अपघात वा अपराध केला तर पालकाला अथवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. माझ्या वेळी हे कडक कलम नव्हते. पण कलम नव्हते म्हणून माझा अपराध नव्हता, असे थोडेच आहे?

याच दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट आहे. अपघातातल्या माणसाला सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा पोलिसांच्या लचांडाला भिऊन पुढे निघून जाऊ नका. १०८ क्रमांक फिरवा आणि त्या माणसाजवळ थांबा.

आपल्यांतल्या पुष्कळजणींना वाटते की गाडी हे पुरुषांचे काम. तर ऐका. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानेच बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा तो प्रवास, म्हणजे जवळजवळ अकोल्याहून अमरावतीएवढा! मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो सांगितला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतले, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. वेगाच्या त्या पहिल्या यंत्रावर थांबण्याची काळजी एका माहेरवाशिणीने वाहिली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि आता तर आपल्या एसटीतही २०२३ पासून महिला चालक प्रवाशांनी भरलेली गाडी घेऊन जाऊ लागल्या आहेत. माझे वडील असते तर त्यांनी आधी विचारले असते, "गाडीभोवती फेरी मारली का?"

आता मंडळाला माझ्या काही सूचना आहेत. परवाना हाती येईपर्यंत मुलाला अगर मुलीला किल्ली द्यायची नाही, असा ठराव आज येथेच करावा. परवाना आल्यावरही पहिले सहा महिने मागे मित्र नाही, अंधार पडल्यावर नाही आणि महामार्गावर नाही, हा घरचा नियम करावा. मागे बसताना हेल्मेट आपणही घालावे. चार वर्षांखालच्या लेकराला दुचाकीवर न्यायचे तर पट्टा, हेल्मेट आणि चाळीसच्या आतला वेग, हे फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे.

दुसरे असे की, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे लुटतो. घरोघरी ते ठेवायला जागा उरलेली नाही. जानेवारीतच रस्ता सुरक्षेचा कार्यक्रमही असतो. यंदा वाण म्हणून उजेडात चमकणाऱ्या लाल-पिवळ्या पट्ट्या लुटाव्यात. एक पट्टी घरच्या सायकलला, एक शेजारच्या बैलगाडीला, एक कापसाच्या ट्रॉलीला. वेचणीला जाणाऱ्या बायाही त्याच ट्रॉलीत बसतात, हे विसरू नका.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत. मी आज कीर्तन आधी केले, ही माझी चूक मानून घ्या. झाडायचे काम आपण सगळ्या मिळून उद्यापासून करू.

माझा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, गाडी चालवतो आणि वळणावर थांबतो. दर दिवाळीला अकोल्यास आला की तो त्या ओट्यावर जातो आणि भाजी घेऊन येतो. ती त्याला ओळखते. गेल्या वर्षी तिने त्याला विचारले, "थांबतं ना रे बाप्पा आता?" तो "हो मावशी," म्हणाला. तिने सांबाराची एक जुडी वरून जास्त घातली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

ती जुडी निवडताना मला काही सुचेना. तेव्हाच ठरवले की, ही गोष्ट माहेरच्या मंडळात जाऊन सांगायची.